जागा कमी होती, एवढेच

२०२५ ची दिवाळी सरली आणि माझा संगणक म्हातारा झाला. निदान घरात तसे सर्वांचे एकमत झाले. मी कळफलकावर ‘क’ दाबावा, चष्मा काढून पुसावा, पुन्हा नाकावर ठेवावा, आणि मग पडद्यावर तो ‘क’ सावकाश उमटावा, अशी अवस्था. कादंबरीचे एकविसावे प्रकरण चालू होते. नायिका गेले पंधरा दिवस एस. टी. स्टँडवर उभी होती. तिला गाडीत बसवायचे म्हटले की यंत्र हँग व्हायचे.

बंगळूरहून मुलाचा रविवारचा फोन आला तेव्हा हे गाऱ्हाणे मी त्याच्या कानावर घातले. तो हसून म्हणाला, “बाबा, सहा वर्षं झाली त्याला. आता काढून टाका. मी नवीन ऑर्डर करतो.” नव्याची किंमत त्याने सांगितली. बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला असा आकडा कानावर पडला की लगेच त्याच्यावरचे व्याज दिसू लागते. मी म्हणालो, “बघू.”

सौ. शेजारी मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, “अहो, माझं शिवणयंत्र लग्नातलं आहे. दर वर्षी उघडून पुसते, तेल घालते. तुमचं ते यंत्र तुम्ही एकदा तरी उघडून बघितलंत का?”

नव्हते बघितले. सहा वर्षे मी त्या काळ्या डब्यासमोर रोज चार तास बसत होतो. त्याच्यावर दोन कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. पण आत काय आहे हे पाहावे असे मला कधी वाटले नव्हते. आमच्या पिढीत डेस्कटॉप घ्यायचा म्हणजे पहिला प्रश्न असे, असेंबल्ड की ब्रँडेड? असेंबल्ड म्हणजे ओळखीच्या पोराने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून दिलेला. ब्रँडेड म्हणजे कंपनीकडून खोक्यातून तयार येणारा, मागे सील असलेला. मी बँकवाला असल्यामुळे अर्थातच ब्रँडेड घेतला, २०१९ च्या गुढीपाडव्याला. त्या सीलकडे मी लॉकरच्या सीलकडे पाहावे तशा आदराने पाहत आलो होतो. वॉरंटी संपून तीन वर्षे उलटली, तरी तो आदर काही संपला नव्हता.

मुलाला पुन्हा फोन लावला. म्हटले, विकत घेण्यापूर्वी दुखणे काय आहे ते तरी कळू दे. मग त्याने फोनवरच तपासणी करवून घेतली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबायची. एक खिडकी उघडते. तिच्यात ‘परफॉर्मन्स’ वर जायचे आणि ‘मेमरी’ वर टिचकी मारायची. मी मारली. पडद्यावर आकडा होता : ९३ टक्के. खाली लिहिले होते, एकूण मेमरी चार जीबी, वापरात असलेले स्लॉट दोनपैकी एक.

“बाबा,” मुलगा थोड्या वेगळ्या आवाजात म्हणाला, “प्रोसेसर ठीक आहे. तो नुसता बसून आहे. त्याला जागाच नाहीये.”

मी गोंधळलो. म्हटले, “जागा कशी नाही? विकत घेताना दुकानदाराने हजार जीबी सांगितले होते, आणि त्यातले निम्मेही भरलेले नाहीत.”

हा घोटाळा माझा एकट्याचा नाही. सकाळच्या फेरीतल्या आमच्या मित्रमंडळात मी विचारून पाहिले. सहापैकी पाच जणांना या दोन जागांतला फरक सांगता आला नाही. मुलाने तो समजावला. पण मला तो खरा कळला माझ्याच धंद्यातल्या उदाहरणाने, म्हणून तसाच सांगतो.

बँकेत पैसा दोन ठिकाणी असतो. एक स्ट्राँगरूम. तिथे भरपूर मावते, पण तिला दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघांनी मिळून जायचे, दार उघडायचे, काढायचे, नोंद करायची, दार लावायचे. दुसरी जागा म्हणजे काउंटरवरच्या कॅशियरचा ड्रॉवर. त्यात थोडेच राहते, पण हात घातला की मिळते. संगणकातली हजार जीबीची हार्ड डिस्क म्हणजे स्ट्राँगरूम. मेमरी, म्हणजे लोक ज्याला रॅम म्हणतात ती, म्हणजे ड्रॉवर. तुम्ही जे काम आत्ता करत असता ते सगळे ड्रॉवरमध्ये लागते. ड्रॉवर भरला की यंत्र काय करते? काही नोटा उचलून स्ट्राँगरूममध्ये ठेवून येते, हव्या असलेल्या घेऊन येते, पुन्हा पहिल्या लागल्या की पुन्हा जाते. काम चालूच असते. पण सगळा वेळ ये-जा करण्यात जातो.

आणि ही ये-जा किती महाग? मेमरीतून एखादी गोष्ट काढायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तेच शोधून काढायला सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे फरक एक लाख पटींच्या घरातला. ड्रॉवरमधून नोट काढायला एक सेकंद लागतो असे धरले, तर स्ट्राँगरूमची एक खेप सत्तावीस तासांची झाली! अशा कॅशियरसमोर रांग लागणार नाही तर काय होईल?

हे वाक्य मी मोठ्याने बोललो आणि गप्प झालो. का, ते पुढे सांगतो.

चार जीबी कमी कशी पडली, हेही समजून घेतले. २०१९ मध्ये ती कशीबशी पुरत होती. पुढे विंडोज १० या प्रणालीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून त्याच्या आधी मी यंत्रावर विंडोज ११ चढवून घेतली. माझा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीतला, त्यामुळे तो तिच्या अटींत बसत होता. तिची मेमरीची किमान अट चार जीबीचीच आहे. पण किमान म्हणजे किमान. पगारदाराच्या खात्यात किमान शिल्लक असली म्हणजे त्याचा संसार चालतो असे नाही. प्रणाली, विषाणुरोधक, इंटरनेटचा ब्राउझर आणि चारशे पानांची देवनागरी कादंबरी, एवढे बिऱ्हाड त्या खोलीत राहत होते.

तेव्हा ठरले, की नवा डबा आणायचा नाही; रिकाम्या स्लॉटात आणखी एक पट्टी घालायची.

इथे एक सावधगिरी. मेमरीची पट्टी म्हणजे काही बल्ब नव्हे, की आणला आणि लावला. पिढ्या आहेत. डीडीआर-३ ची पट्टी २००७ च्या सुमारास आली, डीडीआर-४ ची २०१४ मध्ये, आणि डीडीआर-५ त्याच्या सहा-सात वर्षांनी. प्रत्येक पिढीच्या पट्टीला तळाशी एक खाच असते आणि ती दर पिढीत जागा बदलते. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटात बसतच नाही, आणि ते बरेच आहे, कारण त्यांना लागणारा विजेचा दाबही वेगळा असतो. त्यातून ब्रँडेड यंत्रांची तऱ्हा आणखी निराळी. काही बुटक्या डब्यांत लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. काहींत मेमरी बोर्डावरच डाक लावून पक्की केलेली असते, तिथे काही करता येत नाही. जास्तीत जास्त किती मेमरी चालेल, हेही त्या कंपनीनेच ठरवलेले असते. सुदैवाने बऱ्याच कंपन्या मॉडेलवार सर्व्हिस मॅन्युअल देतात. मुलाने माझ्या यंत्राचे पाठवले. त्यात स्पष्ट होते : डीडीआर-४, लांब पट्टी, दोन स्लॉट, कमाल बत्तीस जीबी.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून दादर, दादरहून स्लो लोकलने ग्रँट रोड. डॉ. भडकमकर मार्ग हे त्या रस्त्याचे खरे नाव, पण त्याला लॅमिंग्टन रोड म्हणणे मुंबईने सोडलेले नाही. माझ्या तरुणपणी या रस्त्यावर यायचे ते सिनेमाला. मिनर्व्हाला १९७५ मध्ये ‘शोले’ लागला तो पाच वर्षे हलला नाही. पुढे रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्यावर संगणकाचे सुटे भाग आले.

एका अरुंद दुकानात माझ्या नातवाच्या वयाचा म्हणता येईल असा मुलगा बसला होता. मी यंत्राचे मॉडेल सांगितले. तो म्हणाला, “काका, आधी अंदरची पट्टी दाखवा. फोटो तरी?” फोटो होता, मुलाने आठवणीने काढायला लावला होता. झाकण मी पहिल्यांदा उघडले ते त्या फोटोसाठीच, दोन मिनिटे, श्वास रोखून. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, “२४०० ची आहे. आता २४०० मिळत नाही. ३२०० ची देतो. चालेल. पण पळणार दोघीही २४०० नेच.” मला पटले. घोडा आणि बैल एका गाडीला जुंपले तर गाडी बैलाच्याच चालीने चालते.

किंमत ऐकून मात्र मी दचकलो. आठ जीबीला साडेतीन हजार. “काका, उन्हाळ्यात आला असता तर दोन हजाराच्या आत दिली असती.” आणि त्याने मला जी हकीकत सांगितली ती पुढे मी वर्तमानपत्रांतून पडताळून पाहिली, खरीच निघाली. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी प्रचंड यंत्रालये उभी राहत आहेत, त्यांना वेगळ्या जातीची महागडी मेमरी अफाट लागते. कारखाने तिकडे वळले. जुन्या डीडीआर-४ चे उत्पादन आधीच आवरते घेतले जात होते. त्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात भाव भडकले. त्याच वर्षी डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा आपला व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. कुठे कोण यंत्राला शहाणे करत आहे, आणि त्यापायी ठाण्यातल्या एका निवृत्त माणसाची नायिका एस. टी. स्टँडवर ताटकळते आहे! साडेतीन हजार मोजले, पावती घेतली, आणि चंदेरी पिशवीतली ती बोटभर रुंदीची पट्टी शर्टाच्या खिशात ठेवून परत आलो.

संध्याकाळी शस्त्रक्रिया. आधी कादंबरी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. वायर काढली. वायर काढल्यावरही पॉवरचे बटण पाच सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मग पंखा बंद, पायात मोजे नाहीत, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण त्या चिपांना ती मारक ठरू शकते. मागचे दोन स्क्रू काढले, पत्रा मागे सरकवला. सहा वर्षांची धूळ. सौ.ने शिवणयंत्राचा ब्रश आणला आणि पंख्याला धक्का न लावता ती हलक्या हाताने झाडली.

स्लॉट दिसेचनात. मॅन्युअलमध्ये पाहिले तर ते डीव्हीडीच्या खोबणीखाली. ती खोबण दाराच्या बिजागरीसारखी वर उचलायची होती. उचलली. खाली दोन लांब काळे स्लॉट, एकात जुनी पट्टी, दुसरा रिकामा. सहा वर्षे रिकामा! मी त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिलो.

टोकाचा चिमटा उघडला, खाच जुळवली, पट्टी बसवली. सगळे जोडून बटण दाबले. पडदा काळा. पॉवरचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकू लागला. पोटात गोळा आला. साडेतीन हजारही गेले आणि यंत्रही गेले, असे वाटून मी खुर्चीत बसलो.

“नीट बसली नसेल,” सौ. म्हणाली. “बॉबिन केस अर्धवट बसली की माझंही असंच होतं. बसली की टक् असा आवाज येतो. आला होता का?”

आला नव्हता. मी भीतीने जोरच दिला नव्हता. पुन्हा वायर काढली. या वेळी तिने पट्टी घेतली, दोन्ही टोकांवर दोन अंगठे ठेवले आणि सरळ खाली दाबले. टक्. चिमटा आपोआप मिटला. पुन्हा बटण. यंत्राने क्षणभर विचार केला, आणि कंपनीचे चिन्ह पडद्यावर आले.

त्या खिडकीत आता बारा जीबी दिसत होते, वापर पंचेचाळीस टक्के. दोन्ही पट्ट्या सारख्या असत्या तर आणखी बरे झाले असते, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर यंत्र याहून पळेल, असे मुलाने सांगितले आहे. प्रत्येक मंद यंत्राचे दुखणे मेमरीचेच असते असेही नाही. पण माझ्या यंत्राचे तेच होते. मी ‘क’ दाबला. ‘क’ उमटला. नायिका त्याच रात्री गाडीत बसली.

खरे म्हणजे लेख इथे संपायला हवा. पण मघाशी एका वाक्यापाशी मी गप्प झालो होतो. ते वाक्य कॅशियरचे होते, आणि तो कॅशियर काल्पनिक नव्हता.

मी १९८३ मध्ये बँकेत लागलो. त्याच वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणाबाबत बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारा राक्षस, असे आम्ही युनियनच्या सभांत ऐकत होतो. खरे तर मुंबईला त्याची ओळख जुनी होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हे भारतीय बनावटीचे यंत्र सुरू झाले होते. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, दर शब्द ४० बिटांचा, म्हणजे सगळी मिळून दहा किलोबाइट. माझ्या खिशातून आलेली पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून मोठी होती! पण आमच्या ग्रामीण शाखांत यंत्र यायला नव्वदचे दशक उलटत आले.

२००० साली मी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. वय एकोणचाळीस. शाखा नुकतीच पूर्ण संगणकीकृत झालेली. आमचे हेड कॅशियर बावन्न वर्षांचे. सारे त्यांना भाऊ म्हणत. नोटांची शंभराची थप्पी भाऊंच्या बोटांतून पाण्यासारखी वाहायची. तीस वर्षांत एका रुपयाचा फरक नाही. पण काउंटरवर ‘नोड’ आला, तेव्हापासून, म्हणजे काउंटरवरच्या संगणकाला आम्ही नोड म्हणत असू, भाऊंची रांग हलेना. शिक्षकांच्या पगाराच्या दिवशी ती दाराबाहेर जायची. लोक ओरडायचे. शेजारच्या काउंटरवरचा तरुण क्लार्क तोवर तीन माणसे मोकळी करायचा. मी केबिनमधून बघत असे. एकदा सर्वांसमोर म्हणालो, “भाऊ, जमत नसेल तर सांगा.” ते काही बोलले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले.

त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे त्या योजनेत बाहेर पडली. मी भाऊंना केबिनमध्ये बोलावून समजावले. अगदी गोड शब्दांत. म्हटले, “काळ बदललाय. पैसे चांगले मिळतायत. आता हे यंत्राचं काम तुमच्यानं होणार नाही.” त्यांनी अर्ज केला. ३१ मार्च २००१ ला आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिले. बोलायला उभे राहिले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मी मंद झालो. तुम्हा सर्वांना त्रास झाला. माफी असावी.”

त्यांच्या काउंटरवर मी दुसरा मुलगा बसवला. हुशार, पंचविशीतला. पंधरा दिवसांत त्याचीही रांग दाराबाहेर गेली.

जूनमध्ये देखभालीच्या करारावरचा इंजिनियर आला. त्याने तो नोड उघडला आणि हसला. “साहेब, बाकी सगळ्यांत बत्तीस एमबी आहे. याच्यात आठच. नव्या सॉफ्टवेअरला जागाच नाही, सगळा वेळ डिस्कवर ये-जा करतंय.” पिशवीतून एक पट्टी काढून त्याने बसवली. दहा मिनिटे लागली. दुपारी रांग संपलेली होती.

मी तक्रारवही मागवली. नोड क्रमांक चार फार हळू चालतो, पाहणे, अशी नोंद भाऊंच्या सुवाच्य अक्षरात होती. सहा महिन्यांत तीनदा. प्रत्येक नोंदीखाली ‘पाहिले’ असा शेरा होता आणि त्याखाली माझी सही.

चौथी नोंद नव्हती. मी त्यांना सर्वांसमोर बोललो, त्यानंतर त्यांनी लिहिणे सोडले होते.

हे मी कोणाला सांगितले नाही. त्यांना तर नाहीच. काय सांगणार? स्वेच्छानिवृत्ती मागे घेता येत नाही. तीन महिन्यांनी माझी बदली झाली. पुढे कोणाकडून कळले, की त्यांनी गावी लहानसे दुकान काढले, ते काही चालले नाही. यंत्र म्हटले की ते हात मागे घेतात, पैसे काढायलाही मुलालाच पाठवतात, म्हणतात, “मला त्यातलं कळत नाही, मी मंद आहे.” मी चार कादंबऱ्या लिहिल्या. एकीतही हा माणूस आला नाही. येऊ दिला नाही.

मेमरीची ही चिप कशी काम करते हे परवा वाचले. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये ती कल्पना सुचली, १९६८ मध्ये पेटंट मिळाले. प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर चौसष्ट हजारांश सेकंदाच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. न भरला तर पुसला जातो, वीज गेली की सारेच पुसले जाते. माणसाच्या बाबतीत मला वाटत होते की पंचवीस वर्षे हात न लावता ठेवले म्हणजे पुसले जाईल. गेले नाही.

त्या रात्री यंत्र नीट चालू झाल्यावर मी जुन्या सहकाऱ्याकडून भाऊंचा नंबर मिळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे. आवाज थकलेला, पण ओळख लगेच पटली. “साहेब, तुम्ही? कसे आहात?”

मी प्रस्तावना केली नाही. नोड क्रमांक चार, आठ एमबी, इंजिनियर, तक्रारवही, माझ्या तीन सह्या, सगळे एका दमात सांगितले. शेवटी म्हणालो, “भाऊ, झाकण उघडून बघायला दहा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. चूक माझी होती. तुम्ही मंद नव्हता.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटले फोन तुटला.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “ते मशीन होतं?”

“हो भाऊ. मशीनच होतं. त्यात जागा कमी होती, एवढेच.”

ते मला रागावतील, निदान आठ वर्षांच्या पगाराचा हिशेब विचारतील, अशी माझी तयारी होती. तो त्यांचा हक्कच होता. त्यांनी तसे काही विचारले नाही. म्हणाले, “साहेब, जरा थांबा हां. हिला सांगतो.”

फोन त्यांनी कुठेतरी ठेवला असावा. दूर जाणारी पावले ऐकू आली, मग स्वयंपाकघरातली भांडी वाजण्याचा आवाज, आणि मग त्यांचा आवाज, पूर्वी काउंटरवरून टोकन पुकारायचे तसा, खणखणीत :

“अगं ऐकलंस का? मी नव्हतो गं. ते मशीन होतं!”